आमच्या बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना

मावशी, सा. नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, तिला तसं सांगून ठेवलंय. निघताना साडी दिली, पाया पडले, पण तेवढ्याने माझं मन भरलं नाही, आणि तुम्ही काय काय केलंत ते चार लोकांना कळावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

कराडला माहेरी बाळंतपणाला आले तेव्हा सल्ल्यांची काही कमी नव्हती. आजी, आत्या, समोरच्या काकू, व्हॉट्सॲपवरच्या मैत्रिणी आणि वर हॉस्पिटलातून मिळालेला छापील कागद, आणि प्रत्येकाचं वेगळंच. आजीचं म्हणणं बाजेखाली शेगडी हवीच, कागदावर धूर अजिबात नको, आत्या म्हणे काजळ घाला नाहीतर डोळे बारीक राहतील, आणि मी मधे बसून रडकुंडीला यायचे. तुम्ही आलात आणि कोणालाच खोटं न पाडता सगळं मार्गी लावलंत. शेगडीचं आजीला जे सांगितलंत ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "आक्का, आपल्या येळंला कौलारू घर, फटीफटीतनं वारं यायचं, खाली सारवलेली गार भुई, म्हणून शेक लागायचा. हितं काचंच्या खिडक्या लावून घेतल्यावर कोळशाचा धूर जाणार कुठं? लेकराच्या छातीतच न्हवं?" आजीने पुढे एक शब्द काढला नाही. बंद खोलीत पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, हे मी शाळेत शिकले होते पण आजीला पटेल असं सांगायला मला जमलं नसतं. मग गरम पाण्याच्या पिशवीने माझी कंबर शेकलीत आणि आजीचंही समाधान झालं.

तुमचं हेच मला सगळ्यात आवडलं. जुनं आहे म्हणून धरून ठेवायचं नाही आणि जुनं आहे म्हणून टाकायचंही नाही, ते कुठल्या घरासाठी, कुठल्या हवेसाठी होतं ते बघायचं. गुटीचंच घ्या ना. आईने सहाण घासून पुसून तयार ठेवलेली, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, हळकुंड, ज्येष्ठमध सगळं डबीत भरून. कशाचे किती वेढे द्यायचे ते तुम्हाला तोंडपाठ, तरी तुम्हीच म्हणालात की डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाबिगर पाण्याचा थेंब नको म्हणतात तर सहाण कपाटात राहू दे. मध तर वर्षभर नाहीच, जिभेला बोट लावून चाटवायलाही नाही, कारण मधात कधी कधी असणारे जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. काजळही डोळ्यात नाही, आजीच्या मनासाठी तळपायाला एक तीट लावलीत आणि विषय संपवलात. कानात तेल नाही, नाकात तेल नाही, नाळेला काहीही लावायचं नाही, कोरडी राहू दे आपोआप पडेल. आणि जन्मल्यावर बाळाची छाती सुजल्यासारखी दिसत होती तेव्हा कोणीतरी म्हणालं पिळून दूध काढा, तर तुम्ही हातच आडवा घातलात, पिळलं की आत पू होतो, आपलं आपण बसतं ते. बसलंच.

माझ्या खाण्याचं मात्र तुम्ही सगळं जुनंच ठेवलंत. अळिवाची नारळ-गूळ घालून खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, जेवण झालं की बाळंतशेपा आणि ओवा. फक्त बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हे जे आमच्याकडे चालायचं ते बंद केलंत, म्हणालात दूध कशाचं होणार मग, आणि उशाशी तांब्या भरून ठेवायला लावलात.

आणि तो दिवस. लिहितानाही पोटात गोळा येतो. थंडीचे दिवस होते. पाट मांडला, पाय लांब सोडून बसलात, कोपर बुडवून पाणी बघितलंत. मग नेहमीसारखी हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावलीत. हे तुम्ही रोज करायचात आणि मला वाटायचं अशीच सवय असेल. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, गुंडाळून घ्यायचं, आणि पोटही गार लागलं तर एक मिनिट थांबायचं नाही, हे तुम्ही मला नंतर शिकवलंत. त्या दिवशी पोट गार होतं. रडणंही बारीक, अंगावर घेतलं तर ओढत नव्हती, दोनदा चोखून सोडून द्यायची. आम्हाला वाटत होतं झोपेत आहे. तुम्ही म्हणालात, "आज आंगूळ न्हाई. कपडे काढून छातीला लाव तिला, वरनं शाल घे, आन् रिक्षा बोलवा." कोणी ओवाळून टाका म्हणालं, कोणी दुपारपर्यंत बघू म्हणालं, तुम्ही ऐकलं नाहीत, स्वतः रिक्षात बसलात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इन्फेक्शन सुरू झालंय, इतक्या लहान बाळात ते तासांत वाढतं, बरं झालं लगेच आणलंत, आणि अंगाला लावून आणलंत हे फारच चांगलं केलंत. इंजेक्शनं झाली आणि लेक बरी होऊन घरी आली.

नंतर कळलं की तुम्ही तरुणपणी सरकारी दवाखान्यात दाईचं ट्रेनिंग घेतलेलं. मग मी वाचत गेले तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून हेच करून दाखवलेलं, बाळ गार पडलंय का, दूध ओढतंय का, श्वास कसा चाललाय ते घरी जाऊन बघायचं आणि वेळेत उपचार करायचे. तिथल्या गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतपणानंतर घरोघरी येतात त्याच्यामागे हे काम आहे. वाचताना सारखा तुमचा हात डोळ्यासमोर येत होता.

अजून एका गोष्टीचे आभार मानायचेत आणि ते मला कोणाजवळ बोलता आलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही दारातच गोडीत सांगायचात, ताई आधी हात धुऊन या, साबण मोरीत आहे, पापा घेऊ नका, सर्दी असेल तर लांबूनच बघा. कोणाला राग आला नाही कारण तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे करूनच बोलायचात. पण एक बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, असू दे, पुढच्या वेळी मुलगा होईल. माझे डोळे भरले आणि आईला काय बोलावं सुचेना. तुम्ही बाळाचं लंगोट बांधता बांधता मान वर न करता म्हणालात, "बाळंतिणीच्या खोलीत बसून पुढच्या येळंचं बोलू न्हाई. आलेल्या लक्ष्मीला आशीर्वाद द्यायचा, हळदीकुंकू घ्यायचं आन् निघायचं." त्या बाई उठल्या, बाळाच्या हातात पैसे ठेवले आणि खरंच मनापासून आशीर्वाद दिला. आमच्या घरात त्यानंतर ते वाक्य कोणी उच्चारलं नाही मावशी, आत्यानेही नाही.

लेक आता घरभर पळते. मधे तिला जुलाब लागले तेव्हा तुमचं ऐकून मी जेवण तोडलं नाही, ओआरएसचं पाकीट घरात होतंच, ते चमच्या चमच्याने पाजलं, मऊ भात, मुगाचं वरण चालू ठेवलं आणि शू होतेय का, जीभ कोरडी पडतेय का ते बघत राहिले. दोन दिवसांत खेळायला लागली.

माझ्या भावजयीची तारीख मार्गशीर्षात आहे. तुमचे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत हे माहीत आहे, म्हणून आम्ही मोरीजवळ खुर्ची ठेवणार आहोत. तुम्ही नुसतं बसून सांगा, पाणी कढत झालंय का, पाय गार आहेत का, हात आमचे चालतील. भाऊ सकाळी गाडी घेऊन येईल आणि जेवूनच सोडेल. नातीकडून हो कळवा.

तुमची,
कराडची लेक