पाचपैकी तीन गुण, म्हणजे नेमकं काय?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत सांधेदुखीवरच्या एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची (एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून केलेल्या एकत्रित आढाव्याची) बातमी वाचली. त्यातले सगळे अभ्यास जदाद मोजपट्टीवर पाचपैकी तीन किंवा अधिक गुण मिळवून ‘दर्जेदार’ ठरले म्हणे. मी वैद्यकीय संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या गुणांपाशीच अडले.

औषधोपचाराच्या चाचण्यांच्या दर्जाला गुण देणारी ही जदाद मोजपट्टी १९९६ सालची. चटकन उरकते, म्हणून अजून चलतीत आहे. (‘मॅडम, यातलं सोपं कुठलं?’ हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतोच.) पण पुढचा रुग्ण नव्या उपचाराच्या गटात जाणार की तुलनेच्या, हे डॉक्टरला आधीच कळत होतं का, हे ती विचारतच नाही. कॉम्प्युटरने काढलेली यादी ओपीडीच्या टेबलावर काचेखाली पडलेली असली, तरी यादृच्छिकतेचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडण्याचे, दोन्ही गुण पदरात पडतात. यादीत पुढचं नाव नव्या उपचाराचं आहे आणि समोरचा रुग्ण जास्तच खंगलेला दिसला की ‘तुम्ही उद्या या’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? उलट शस्त्रक्रियेच्या चाचणीत सर्जनपासून काही लपवताच येत नाही. तिथे काम कितीही काटेकोर असलं तरी दुहेरी गुप्ततेचे (कोणाला काय दिलंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळण्याचे) गुण हकनाक जातात.

गुणांच्या बेरजेचा फोलपणा १९९९ सालीच उघड झाला. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या नव्या आणि जुन्या प्रकारांची तुलना करणाऱ्या त्याच १७ चाचण्या २५ मोजपट्ट्यांनी तपासल्या गेल्या. काही पट्ट्यांनी ज्या चाचण्या चांगल्या ठरवल्या, त्यांत नवं हेपारिन जुन्याहून सरस दिसलं नाही. दुसऱ्या काही पट्ट्यांच्या चांगल्या चाचण्यांत मात्र ते सरस निघालं.

म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या तपासणारं २०१९चं रॉब-२ हे साधन बेरीज करत नाही. ते पाच अंगांनी आणि प्रत्येक निष्पत्तीसाठी (मोजलेल्या परिणामासाठी) वेगळं बघतं. एकाच चाचणीत मृत्यूची नोंद भरवशाची आणि वेदनेची नोंद शंकास्पद असू शकते, कारण वेदना किती हे रुग्णच सांगतो आणि आपल्याला काय दिलंय हे त्याला ठाऊक असू शकतं. उपचार चिठ्ठ्या टाकून न ठरता डॉक्टर-रुग्णांनी निवडला असेल, तर रोबिन्स-आय हे साधन हवं. निदानाच्या तपासणीसाठी क्वाडास-२. आपल्या बातमीतल्या रिव्ह्यूत चिठ्ठ्या टाकून केलेले आणि न टाकता केलेले, असे दोन्ही प्रकारचे उपचारांचे अभ्यास आहेत आणि सगळ्यांना एकच पट्टी लावली आहे.

यापुढे अशा बातमीत दोन ओळी वाढवाव्यात: अभ्यास कोणत्या प्रकारचे होते आणि कोणतं साधन लावलं, तसंच निष्कर्ष एकीकडे झुकण्याची जास्त जोखीम असलेले अभ्यास वगळल्यावर निष्कर्ष टिकला का.

– आपली एक नियमित वाचक