गाडी घेण्याआधी मागच्या सीटवर बसून ये

नारायणगाव, ता. जुन्नर
१८ जानेवारी २०२६

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गाडीचे फोटो पाहिले. सूनबाईने मोठे करून दाखवले. इसुझूची ही व्ही-क्रॉस पिकअप देखणी आहे यात वाद नाही. फोनवर तुला नीट काही बोलता आलं नाही, कारण तू शोरूममध्ये उभा होतास आणि मी शेडनेटमध्ये पाणी देत होते. परवा अण्णांशीही तुझं याच विषयावरून वाजलं. म्हणून म्हटलं, सावकाश लिहूनच काढावं.

चाकणची नोकरी सोडून तू रोपवाटिका पूर्णवेळ सांभाळणार, याचा मला किती आनंद झालाय हे तुला ठाऊक आहे. जुनी पिकअप आता थकली, नवी गाडी लागणारच. आणि ती डबल कॅबच हवी, म्हणजे केबिनमध्ये मागेही सीट आणि त्यामागे हौदा, हे तुझ्या आधी मी ठरवून टाकलंय. कधीपासून, ते सांगते.

२००८ सालची गोष्ट. तू नऊ वर्षांचा होतास. आपण जेजुरीला गेलो होतो, ओळखीतल्या एकाची पिकअप घेऊन. पुढे अण्णा आणि गाडीवाला, मागे हौद्यात ताडपत्री अंथरून आपण सगळे. येताना खेडच्या घाटात एक मोटारसायकल आडवी आली आणि गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे घसरलो. धरायला काही नव्हतंच. तू माझ्या मांडीवर होतास, मी तुला पोटाशी आवळलं. आजींचा हात मात्र केबिनच्या जाळीवर आपटला. भंडाऱ्याची पिशवी फुटली होती. आजींचं मनगट भराभरा सुजत होतं आणि त्यावर सगळीकडे पिवळा भंडारा. तो रंग पुसल्याशिवाय हाताला काय झालंय ते दिसेना, आणि पुसायला हात लावला की त्या ओरडायच्या. मनगट मोडलं होतं. तुला ते हसण्यासारखं आठवत असेल, तू नंतर शाळेत सगळ्यांना सांगत होतास. मी त्या रात्री ठरवलं, आपल्या घरातलं माणूस पुन्हा हौद्यात बसणार नाही.

म्हणून माझ्यासाठी ही गाडी मागच्या सीटपासून सुरू होते. तू इंजिनापासून सुरू केलंस. तुझी चूक नाही, शोरूमवाला बॉनेटच आधी उघडतो.

आता मालाचं बघू. तू म्हणालास, हौदा लहान असला तरी आपला माल हलका आहे. अर्धं बरोबर आहे. काल मी आणि सूनबाईने अंगणात खडूने पाच फूट बाय साडेपाच फुटांचा चौकोन आखला, डबल कॅबचा हौदा साधारण तेवढाच धरून. त्यात रिकामे ट्रे मांडले. एका थरात पंधरा बसतात. रोपं मोडायची नसतील तर दोन कप्प्यांत आठ इंच तरी लागतात, म्हणजे चार फुटी रॅकचे सहा कप्पे. नव्वद ट्रे. १०४ खणांचा ट्रे धरला तर ९,३६० रोपं. टोमॅटोला एकरी सहा हजारांच्या आसपास रोपं जातात, म्हणजे एका खेपेत जेमतेम दीड एकराची ऑर्डर. आताच्या नऊ फुटी हौद्यात याच हिशेबाने तीस ट्रेचा थर लागतो, तीन एकर एका खेपेत जातात. डबल कॅब घेतली की आपण माल निम्म्यावर आणतो, हे डोळे उघडे ठेवून मान्य करायला हवं.

मी मान्य केलंय. मे-जूनच्या गर्दीत मोठ्या ऑर्डरी किती दिवस असतात? मी वहीत मोजले, मागच्या हंगामात अठ्ठावीस. त्या दिवशी फाट्यावरची पिकअप भाड्याने बोलवू. अठ्ठावीस दिवसांच्या सोयीसाठी उरलेलं वर्ष आजींना आणि लहानग्या चिऊला एसटीची वाट बघायला लावायची का?

वजनाचं म्हणशील तर पाणी दिलेला भरलेला ट्रे दोन किलोच्या आत. नव्वद ट्रे आणि लोखंडी रॅक मिळून तीनशे किलो होत नाही. वजन पडतं ते कोकोपीट, म्हणजे ट्रेमध्ये भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, आणताना. पाच किलोच्या दीडशे विटा म्हणजे साडेसातशे किलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव. गाडीच्या कागदावर एकूण वजनाची जी मर्यादा असते, तिच्यात माणसंही मोजली जातात. पाच माणसं म्हणजे तीनशे किलो तिथेच गेले. कोकोपीट आणायला जाशील त्या दिवशी घरच्यांना बरोबर घेऊ नकोस. उलट, जास्त बोजा पेलणारी गाडी घेतली म्हणजे चांगली, असंही नाही. मागे पाटे असतात ना, चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ते भरल्या गाडीसाठी केलेले असतात. जितका बोजा जास्त, तितके पाटे ताठ. रिकामा हौदा घेऊन निघालास की मागची बाजू उडत राहते आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोराला अर्ध्या तासात ओकारी येते. रिकाम्या गाडीचं मागचं टोक ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की लवकर सरकतं, ते वेगळंच. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा तक्ता असतो, त्यात भरल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगवेगळे दिले असतील तर ते पाळ. अण्णांनी वर्षानुवर्षं एकच हवा ठेवली आणि टायर मधोमध झिजवले.

आता व्ही-क्रॉस. १६३ अश्वशक्ती, चार चाकांना ताकद, खासगी गाडीची पांढरी पाटी. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, रांगेत सारखं उभं राहायला नको. हे सगळं खरं आहे. पण ती सव्वापाच मीटरहून जास्त लांब आहे. आपली पडवी सोळा फूट. गाडी सव्वासतरा फुटांच्या वर जाते. टोयोटाची हायलक्सही जवळपास तेवढीच लांब. महिंद्राची बोलेरो कॅम्पर ४.८६ मीटर, म्हणजे सोळा फुटांच्या आत कशीबशी, पण पडवीचं दार लागणार नाहीच. मग गाडी बाहेर उसाच्या कडेला, आणि पहाटे चारला माल भरायला तू एकटा अंधारात. गेल्या पावसाळ्यात त्याच बांधावर बिबट्याचे ठसे सापडले होते, विसरलास? गाडी कुठलीही घे, पडवी दोन-तीन फूट पुढे काढावीच लागेल. तो खर्च गाडीच्या खर्चात धर.

आणि पैशाचं. व्ही-क्रॉसची किंमत कॅम्परसारख्या कामाच्या डबल कॅबच्या दुपटीहून जास्त आहे. तो वरचा पैसा मला नव्या शेडनेटमध्ये दिसतो. तुला गाडीत दिसतो. तुझ्या वयात मलाही दिसला असता. पण ज्या गाडीच्या हौद्यात तू ओला कोकोपीट टाकायला कचरशील, ओरखडा पडला की दिवसभर खिन्न होशील, ती आपल्या धंद्याची गाडी नव्हे. तूच म्हणालास, व्ही-क्रॉसमध्ये बोजाही कमी चालतो. तेव्हा विटा आणायला पुन्हा भाड्याचीच गाडी.

शोरूममधल्या मुलाने तुला सांगितलं की मालवाहू गाडीवरचा जीएसटी परत मिळतो. दुसऱ्या धंद्याला मिळत असेल. आपल्या रोपांवर जीएसटी नाही. आपण गिऱ्हाइकाकडून कर घेतच नाही, तर भरलेला कर वळता कशातून करणार? ही वजावट धरून हप्त्याचं गणित मांडलं असशील तर ते फाडून टाक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेवढा फायदा किमतीतच मिळतो, तो घे.

मालवाहू गाडीच्या पिवळ्या पाटीला तू नाक मुरडतोस. तिचं काय काय असतं ते मी विचारून आलेय. नवी गाडी पहिली दोन वर्षं पासिंगला न्यावी लागत नाही, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, म्हणून कागदावर हा आकडा तू स्वतः वाच. वेग ताशी ८० ला बांधलेला असतो. नाशिक-पुणे रस्त्यावर चिऊ मागे बसलेली असताना ८० मला पुष्कळ आहे. सूनबाईला वाटत होतं की तिच्या साध्या लायसनवर पिवळ्या पाटीची गाडी चालवता येणार नाही. येते. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय. तिला हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होतास. गाडी तीही चालवणार आहे, म्हणून सीट पुढे घेतल्यावर तिचा पाय क्लचला पुरतो का, हेही बघायचं.

विम्याचं मात्र मनावर घे, कारण इथे लोक फसतात. शेजारच्या गावात लग्नाचं वऱ्हाड मालवाहू गाडीतून निघालं, गाडी उलटली आणि विमा कंपनीने हात वर केले. मालवाहू गाडीत नुसत्या बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर कायद्यात सोय आहे. पण आजी काही रोपं पोचवायला निघालेल्या नसतात. डबल कॅबच्या आरसीवर पाच जागांची नोंद असली म्हणजे पाचही जणांचा विमा आपोआप आला, असं धरून चालू नकोस. मागे बसणाऱ्यांचा अपघात विमा पॉलिसीत वेगळा लिहून घे. जागा किती, रक्कम किती, सगळं छापील. एजंटच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर सही करायची नाही. चार पैसे जास्त गेले तर मी देते.

माझ्या मनात काय आहे ते सांगते. कॅम्पर, टाटा योद्ध्याची डबल कॅब आणि इसुझूची एस-कॅब, या तीन गाड्या बघू. एस-कॅब पिवळ्या पाटीची आहे, पण अंग तुझ्या व्ही-क्रॉसच्याच घराण्यातलं, तुझं मन त्यात थोडं तरी रमेल. तिची लांबी आधी विचार. कॅम्परचं इंजिन अडीच लिटरचं, ७५ अश्वशक्तीचं, धावायला जड पण आपल्या गावात कुठलाही मिस्त्री ते उघडतो, आणि हंगामात गाडी चार दिवस बंद पडली की रोपं ट्रेमध्येच लांबट होऊन वाया जातात. माझं मत आज तरी कॅम्परकडे झुकतंय. चार चाकांच्या ताकदीची हौस असेल तर ती त्यातही मिळते. काळ्या रानात जूनमध्ये ट्रॅक्टर बोलवायची वेळ आपल्यावर किती येते ते तुला ठाऊक आहे, तो निर्णय तुझा.

पण मत पक्कं करणार ते मागच्या सीटवर बसूनच. मागच्या आठवड्यात मी एका ओळखीच्यांच्या डबल कॅबमध्ये मागे बसून आळेफाट्यापर्यंत गेले. मुद्दाम नऊवारीत. चढताना पाय ठेवायला पायरी नव्हती, दाराची मूठ धरून स्वतःला ओढून घ्यावं लागलं. पाठ इतकी उभी की फाटा येईपर्यंत कंबर बोलायला लागली. मधल्या सीटला पट्टा होता, पण नुसता कमरेचा. आजींचे गुडघे तुला माहीत आहेत. त्यांना वर चढवायला दोन माणसं लागली तर ती गाडी त्यांच्यासाठी नाहीच. पायरी नंतर बसवता येते, गुडघ्यापुढची जागा नंतर वाढवता येत नाही. मागे एसीचा वारा पोचतो का, काच पूर्ण खाली जाते का, चिऊची सीट बांधायला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, आणि ड्रायव्हरशेजारीही एअरबॅग आहे का, हे सगळं तू विचार. मी विचारलं तर ते अण्णांकडे बघून उत्तर देतात.

येत्या रविवारी ये. टोकनचे पैसे अजून दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर रागावणार नाही, पण खरं सांग. सकाळी नऊला निघू, तू, मी, सूनबाई, चिऊ आणि आजी. अण्णा म्हणतात मी येत नाही, पण त्यांनी काल स्वतःच रॅकचं माप कागदावर काढलंय, ते येतील. चालवून बघायची गाडी मिळेल तेव्हा शोरूमच्या पुढच्या चकचकीत रस्त्यावर एक चक्कर मारून परत यायचं नाही. खराब रस्ता शोधायचा, तू मागे आजींच्या शेजारी बसायचं, आणि पुढे सूनबाई. दोन भरलेले ट्रे, टेप आणि सुतळी मी पिशवीत घालून ठेवलेत. आजींना सांगितलंय, त्यांनी कपाटातून चांगलं लुगडं काढलं.

चिऊला खोकला होता, कमी झाला का? तिच्यासाठी बोरं ठेवलीत.

तुझी,
आई