अपघातानंतर ब्रेक कोण तपासतो?

संपादक महोदय,

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर गाड्यांत हात घालायचा नाही असे ठरवले होते, पण गेल्या डिसेंबरात घरच्याच गाडीने ते मोडायला लावले. त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

मुलगा आणि सून पहाटे साडेपाचला पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघाले. संगम माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला लागले तेव्हा दाट धुके होते. कारखान्यांचा हंगाम सुरू असल्यामुळे ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि उसाचे पाचट रस्त्यावर पडलेले, त्यावर दव. पुढे उसाची ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी जवळ आली होती. तिच्या मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. मुलाने ब्रेक दाबला, मग स्टिअरिंग डावीकडे घेतले. पुढचे डावे चाक साइडपट्टीवरून खाली उतरून मोरीच्या दगडावर आदळले. दोघेही सुखरूप आहेत, हे देवाचे उपकार.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ब्रेक फेल झाला. पाय ठेवला तर पेडल खालून ठोकायला लागलं. काहीतरी तुटलं वाटून मी पाय उचलला."

मला तेव्हाच कळले. ब्रेक फेल झाला नव्हता, एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा काम करत होती. निसरड्यावर चाक जाम होऊ लागले की ही यंत्रणा सेकंदात अनेकदा दाब सोडते आणि पुन्हा धरते. तोच धक्का पायाला लागतो. त्या क्षणी पाय उचलायचा नसतो, तसाच घट्ट दाबून धरायचा असतो. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचे आहे. आमची गाडी २०२० ची. पण पेडल असे थरथरते हे माझ्या मुलाला ना ड्रायव्हिंग स्कूलने सांगितले, ना गाडी विकणाऱ्याने. मीही सांगितले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. गाडी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये होती. बंपर, हेडलाइट, फेंडर नवे बसले, रंग उत्तम जमला. विम्याचा सर्व्हेअर फोटो काढून गेला. 'ब्रेक फेल झाला होता' असे मुलाने स्पष्ट सांगितले होते. जॉब कार्डवर उत्तर आले : 'ब्रेक चेक, ओके.' चाक उघडून पाहिल्याची एकही नोंद बिलात नव्हती.

पंधरा दिवसांत गाडी उजवीकडे ओढू लागली. वर्कशॉपने अलाइनमेंट करून दिले. तरी ओढतच होती. मग मी स्वतः चालवून पाहिली. सपाट मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरले तर गाडी नाकासमोर सरळ जायची, ब्रेक लावला की उजवीकडे झुकायची. नुसती चालताना ओढत असेल तर अलाइनमेंट किंवा टायरची हवा बघावी. फक्त ब्रेकवर ओढत असेल तर दोष ब्रेकमध्येच शोधावा. एवढा साधा फरक तिथे कोणी विचारलाही नाही.

घरी आणून इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबले, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केले. पेडल किंचित खाली गेले, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. अर्धा मिनिट जोर देऊन धरले तरी आणखी खाली सरकले नाही, म्हणजे पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर धरत होता आणि ऑइल कुठून गळत नव्हते. मग पाच किलोमीटर फिरवून आणली आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू नेली. हात टेकवायचा नाही, भाजतो. उजवे चाक तापलेले, डावे जेमतेम कोमट. डावा ब्रेक लागतच नव्हता म्हटले तरी चालेल. म्हणून तर गाडी उजवीकडे जात होती.

जॅक लावून चाक काढले. कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या खालच्या पिनची रबरी टोपी फाटली होती आणि आत चिखल जाऊन पिन जाम झाली होती. आतला पॅड घासून चकचकीत, बाहेरच्यावर गंज. पण माझे हातपाय गार पडले ते ब्रेकचा रबरी पाइप पाहून. दगडाने तो असा खरवडला होता की आतले विणलेले दोरे दिसत होते. याच गाडीतून माझी नात दोन वेळा यवतेश्वरचा घाट उतरून आली होती.

वर्कशॉपचालकांना आणि विमा कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चाकाला मार बसलेली गाडी आली की चारही चाके उतरवा. पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, पाइप आणि पिनांची अवस्था लिहा, आणि तो कागद मालकाच्या हातात द्या. सर्व्हेअरनेही त्या कागदाशिवाय क्लेम पुढे पाठवू नये. खासगी कारचा धूर पीयूसीसाठी दरवर्षी तपासला जातो, पण ब्रेक पाहणारी सरकारी फिटनेस तपासणी पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना येते. मधल्या काळात सगळी भिस्त वर्कशॉपच्या प्रामाणिकपणावर आहे.

पाइप, पिना आणि ब्रेक ऑइल बदलल्यावर मी मुलाला एका मोकळ्या मैदानात नेले. जमीन पाणी मारून ओली केली, तीसच्या वेगाने गाडी आणून पूर्ण ब्रेक दाबायला लावला. पहिल्या दोन वेळा पेडल थरथरताच त्याचा पाय आपोआप वर आला. तिसऱ्या वेळी त्याने तो दाबून धरला. मग सुनेला बसवले.

आपला,
एसटीचा एक निवृत्त मेकॅनिक, सातारा