डावी स्टिक, बंद केलेलं तिकीट आणि तुमचा घसरलेला बाजारहिस्सा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख,

विषय: कंट्रोलरच्या स्टिक ड्रिफ्टची तक्रार परस्पर बंद केल्याबाबत, आणि तुमचा गेम खेळायचा कन्सोल का खपत नाही याबाबत

महोदय,

स.न.वि.वि. वगैरे राहू द्या. तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ता ठेवलाय आणि डोकं गरम आहे तोवरच लिहितोय. थंड झालं की मीही बाकीच्यांसारखा "जाऊ दे" म्हणेन, आणि तुमचा ग्राहक सेवा विभाग त्या "जाऊ दे"वरच तर चालतो.

कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची डावी स्टिक. हात न लावता वर सरकते, यालाच स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. मेन्यू उघडला की कर्सर आपला आपण पहिल्या ओळीवर जाऊन बसतो, फुटबॉलमध्ये गोलकीपर स्वतःच्या मर्जीने गोल सोडून फिरायला निघतो. हे कशामुळे होतं आणि किती जणांचं होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तक्रार नोंदवली तेव्हा वॉरंटी चालू होती. बिल मागितलंत, पाठवलं. सिरियल नंबरचा फोटो मागितलात, पाठवला. व्हिडिओ मागितलात, तोही पाठवला. मग "ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्यामुळे" तक्रारीचं तिकीट बंद. नवीन तिकीट काढलं. पुन्हा बिल, पुन्हा फोटो, पुन्हा व्हिडिओ, पुन्हा बंद. या घोळात वॉरंटी संपली, आणि आता तुमची सिस्टिम म्हणते की तक्रार वॉरंटीनंतरची आहे. गेल्या वर्षभरात तुमच्याकडून आलेला हा एकमेव नवा गेम, आणि तोही जिंकता येत नाही.

आता आजचा फोन. हा नीट सांगतो. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता, तेव्हा काढून ऐका. मराठीसाठी जे बटण दाबायचं ते दाबलं. पलीकडून हिंदी. बरं, हिंदी तर हिंदी. पोरगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. आधी कन्सोल बंद करून चालू करायला लावला. केला. मग कंट्रोलरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट. केला. गोलकीपर तरीही निघालाच. मग त्याने विचारलं, "सर, आप डेली कितना खेलते हैं?" मी म्हटलं, याचा काय संबंध? तर म्हणे जास्त वापराने स्टिक घासते, ते वॉरंटीत बसत नाही. म्हणजे खेळायची वस्तू खेळल्याने बिघडली तर दोष खेळणाऱ्याचा! मी म्हटलं, अरे बाबा, देव्हाऱ्यात ठेवायला घेतलाय का हा? तो "जी सर, समझ सकता हूँ सर" म्हणाला आणि मला होल्डवर टाकलं. तुमच्या जाहिरातीची धून पाठ होईपर्यंत ऐकली. परत आला तो वरिष्ठांचा निरोप घेऊन: दुरुस्ती नाही, पण नवीन कंट्रोलरवर १० टक्के सूट. मी म्हटलं, त्यातही हीच स्टिक असणार ना? पुढच्या वर्षी पुन्हा हाच फोन? त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो.

"सर, वैसे भी इस कन्सोल पे अब ज़्यादा गेम्स आ नहीं रहे. नया कंट्रोलर मत लीजिए, नेक्स्ट मॉडल का वेट कर लीजिए."

मला क्षणभर काही बोलताच आलं नाही. तुमचाच माणूस, तुमच्याच पगारावर, तुमच्याच दुकानात विकायला ठेवलेल्या मॉडेलचं श्राद्ध घालून मोकळा झाला! वर लगेच, "सर, और कोई सहायता?" फोन ठेवतोय तोच एसएमएस: आजच्या सेवेला १ ते ५ मध्ये गुण द्या. शून्याची सोय नाही.

खरं सांगायचं तर तो पोरगा तुमच्या मार्केटिंगवाल्यांपेक्षा प्रामाणिक निघाला. पण मग मला सांगा, आज ज्याला "पुढच्या मॉडेलची वाट बघा" म्हणता, तो पुढचं मॉडेल तुमच्याकडून का घेईल? बाजारहिस्सा परत मिळवायच्या तुमच्या घोषणा मीही वाचतो. जास्त ताकदीची चिप, नवा रंग, नवी जाहिरात. ज्याने तुमच्यावर आधीच पैसे लावलेत, त्याचं नाव त्यात कुठेच नसतं.

या धंद्यात खड्ड्यात गेलेले काही जण वर आलेत, ते कसे आले ते बघा. निन्टेंडोचा थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि पडून राहिला. काही महिन्यांत किंमत १७० वर आणली. यात नवल नाही, किंमत कोणीही कमी करतो. पण ज्यांनी आधी पूर्ण किंमत मोजली होती त्यांना २० जुने गेम फुकट दिले, आणि त्यांचे अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. तो कन्सोल पुढे साडेसात कोटींच्या वर खपला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे लागून मशीन मरायला लागली, तेव्हा २००७ मध्ये त्यांनी त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली, त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली आणि ज्यांनी आधी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली होती त्यांचे पैसे परत केले. त्यांच्या सिस्टिमने "तक्रार वॉरंटीनंतरची आहे" असं म्हटलं नाही. उलट वॉरंटीच मागे जाऊन वाढवली. तुम्ही माझी चालू असलेली वॉरंटी तिकिटं बंद करून संपवलीत. दोन वेळा पाठवायला लावलेलं तेच बिल अजून तुमच्याकडे पडलंय.

सोनीनेही पीएस३ (प्लेस्टेशन ३) ची किंमत २००६ मधल्या ५९९ डॉलरवरून २००९ मध्ये २९९ वर आणली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आणि त्याच २००९ मध्ये, पीएस३ येऊन दोन वर्षं उलटलेली असताना, त्यांनी जुन्या पीएस२ साठी खास भारतात हनुमानावरचा गेम काढला, हैदराबादच्या स्टुडिओकडून करून घेऊन. गेम काही थोर नव्हता. पण जुनं मशीन घेऊन बसलेल्या माणसाचा विचार कोणीतरी केला होता. पीएस२ चं उत्पादन जवळजवळ तेरा वर्षं चाललं. तुमचं मशीन तेराव्या वर्षाऐवजी तेराव्याच्या जेवणाकडे चाललंय.

स्टिकचंही सांगतो. माझा आधीचा कंट्रोलर, वॉरंटी कधीच संपलेला, तोही असाच सरकत होता. कॉलेज रोडच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने तो समोर बसवून उघडला. आतल्या पोटेन्शिओमीटरवरून, म्हणजे स्टिक किती हलली ते मोजणाऱ्या भागावरून, कापसाची काडी फिरवली, तर तिला काळी भुकटी लागली. "पट्टी घासून झालेली कार्बनची पूड आहे साहेब, हे होणारच." जिथे झिजणारी पट्टीच नाही, अशी चुंबकावर चालणारी स्टिक सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्ट या त्यांच्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये घातली होती. ड्रीमकास्ट २००१ मध्ये बंद पडला हे मलाही माहीत आहे. तो काही स्टिकमुळे पडला नाही. पण इतक्या वर्षांनी तुम्ही अजून घासणारी पट्टी वापरायची आणि ती घासली की मला विचारायचं, रोज किती खेळता?

भारतापुरतं बोलायचं तर तुमची स्पर्धा दुसऱ्या कन्सोलशी नाहीच. माझा भाचा फोनवर फुकट बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो आणि मला विचारतो, "मामा, तुझ्या डब्यावर नवीन काय आलं?" मी काय सांगू? किंमत विचारली की तुमचं ठरलेलं उत्तर, भारतात कर जास्त. अहो, डिसेंबर २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने कन्सोलवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, उत्तर मात्र तुमचं तेच आहे. डिजिटल दुकानातून घेतलेले माझे गेम पुढच्या मॉडेलवर चालणार का, हे तीनदा लेखी विचारलं. त्या तिकिटांचं काय झालं असेल ते ओळखा. ("ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्यामुळे.")

आता मला काय हवंय ते. पहिलं तिकीट वॉरंटीत होतं, त्या तारखेप्रमाणे कंट्रोलर फुकट दुरुस्त करा किंवा बदलून द्या. मेहरबानी म्हणून नको, तो माझा हक्क आहे. स्टिक ड्रिफ्टला सगळ्यांसाठी वाढीव वॉरंटी जाहीर करा. घेतलेले गेम पुढच्या मॉडेलवर चालतील की नाही, ते हो किंवा नाही एवढंच लेखी द्या. बाकी तुमच्या बाजारहिश्श्याचं तुम्ही बघा.

पंधरा दिवस वाट बघतो. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, आणि तिथेही तुम्ही हेच रडगाणं गायलंत तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, तेव्हा कंट्रोलरच्या किमतीसाठी हा कुठे कोर्टकचेरी करत बसतोय, असं समजू नका. बसेन. तुमच्या कृपेने संध्याकाळी खेळायला काही नाही, वेळच वेळ आहे.

आणि कृपा करून हे पत्र मिळाल्यावर "आपलं तिकीट यशस्वीरीत्या सोडवण्यात आलं आहे" असा मेल पाठवू नका. माणसाने सही केलेलं उत्तर पाठवा.

आपला (हा कंट्रोलर मिळेपर्यंत तरी) ग्राहक,
नाशिक

सोबत: बिलाची प्रत (पुन्हा), सिरियल नंबरचा फोटो (पुन्हा), व्हिडिओची लिंक (पुन्हा), बंद केलेल्या सर्व तिकिटांचे मेल