डेथ व्हॅली एरवी मेलेली नसते

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटी दरीवरचा प्रवासलेख वाचला. फुलांच्या गालिच्यांचं वर्णन झकास आहे, पण 'एरवी सगळं मेलेलं' हे काही घशाखाली उतरलं नाही.

लेकीकडे कॅलिफोर्नियात असताना एप्रिलअखेर आम्ही तिथल्या टायटस कॅन्यनमध्ये पायी गेलो होतो. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती, मधे जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. जावई खडी तुडवत पुढे आणि मी दुर्बीण लावून मागे. (जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं माणूस सरळ चालत नाही.) डोक्याच्या बऱ्याच वर, एका भेगेतून हिरवा झुबका बाहेर आला होता. पानांच्या कडांना काटेरी दाते, मधून मधून फिकट पिवळी फुलं. चेहरामोहरा आपल्या नर्सरीतल्या डॉगफ्लॉवरच्या घराण्यातला. माती म्हणाल तर चिमूटभर दिसेना.

तिकडे हिला 'रॉक लेडी' म्हणतात. होल्मग्रेनँथे या प्रजातीतली ही एकुलती एक जात, आणि अख्ख्या जगात ती उगवते ती इथल्या ग्रेपव्हाइन डोंगरांतल्या मोजक्या घळींत. १९३५ मध्ये कोव्हिल आणि मॉर्टन यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'पेट्रोफिला', म्हणजे दगडाची आवड असलेली.

या दरीत वर्षाला दोनेक इंच पाऊस. १९१३ साली इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. गालिचेवाली फुलं वर्षायू. त्यांचं बी जमिनीत पडून राहतं, पाऊस मनासारखा झाला तरच उगवतं आणि काही आठवड्यांत सगळा संसार आटोपतं. रॉक लेडी बहुवर्षायू. ती भेगेत मुळं रोवून सगळे उन्हाळे तिथेच काढते. आपल्या शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती मला तिथे आठवली.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत पर्यटक फुलांत चक्क आडवे पडले आहेत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणं बेकायदा आहे, एवढी एक ओळ तरी फोटोखाली हवी होती. आणि 'सोबत काय न्यावं' या चौकटीत टोपी, पाणी, सनस्क्रीन सगळं आहे, दुर्बीण तेवढी नाही. ती घाला. गालिचे दर वर्षी पडत नाहीत.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा