बोक्याचा खोकला

पुणे, शनिवार रात्र

प्रिय मंदे,

फोनवर तू सहज म्हणालीस, "बोका हल्ली खोकतो गं, पोटात केसांचा गोळा झाला असेल." तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहिला. मला मात्र झोप येईना. हेच वाक्य मी चार महिने घोकत होते.

आमची चिंगी अंग जमिनीसरसं करून, मान पुढे ताणून खरखरत खोकायची. शेवटी आवंढा गिळायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटत बसायची. फरशीवर ना केस, ना पाणी. गोळा ओकणाऱ्या मांजराचं पोट जोरजोरात आत-बाहेर होतं आणि बहुतेकदा काहीतरी बाहेर पडतं. हा फरक मला ठाऊकच नव्हता.

डॉक्टरांपुढे बाईसाहेब एकदाही खोकल्या नाहीत! नशीब, लेकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो बघून त्यांनी छातीचा एक्स-रे काढला. निघाला दमा. सासूबाई अजून हसतात, "मांजराला कसला गं दमा?" पण असतो, माणसासारखाच, श्वासनलिका सुजून आकसतात. जंतांनी, न्यूमोनियानेही खोकला येतो, म्हणून अंदाजाने औषध नको. आता चिंगीला छोटा मास्क लावून पंपाने स्टेरॉइड देतो. सवय होईपर्यंत माझे हात ओरबाडून निघाले. मग मास्कमध्ये सुकटीचा तुकडा ठेवायला लागले, तेव्हा कुठे जमलं. उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद. तिच्या शी-शूच्या ट्रेमधली धूळ उडणारी वाळूही बदलली.

तू एक कर. बोका गाढ झोपला की मिनिटभर त्याचे श्वास मोज. ३० च्या आत असले तर ठीक. पुन्हा मोजूनही जास्तच भरले तर थांबू नकोस, ने. कमी भरले तरी खोकला परत परत येतोय, तेव्हा या आठवड्यात दाखवच. आणि तोंड उघडून धापा टाकू लागला किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर मध्यरात्र असो की लक्ष्मीपूजन, उचल आणि पळ.

हात जोडते, घरातलं खोकल्याचं औषध पाजू नकोस. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

व्हिडिओ काढलास की मलाही पाठव. आणि त्याला टोपलीत कोंबताना जाड टॉवेल घे, तुझा बोका चावरा आहे.

तुझी,
सुधा