मुरूडच्या खळ्यात दोन दिवस विणकाम

दापोली, सोमवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

शनिवार-रविवारचा विणकामाचा वर्ग पार पडला. फोनवर आईने विचारलं, "जेवायला काय केलंत?" आणि बाबांनी विचारलं, "पदरात किती पडलं?" दोन्हींची नीट उत्तरं द्यायची तर फोन पुरत नाही, म्हणून हे पत्र.

आधी बाबांची जुनी शंका, की कोकणात लोकर कोण विणणार? बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर कोकण म्हणजे मे महिना, कारण मिलमधून रजा तेव्हाच मिळायची. दापोली समुद्राच्या जवळ असली तरी उंचावर आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, बालवाडीतली पोरं कानटोप्या घालून येतात. खाली मुरूड-हर्णैला एवढा गारठा नसतो हे खरं. पण तिथल्या बायका आल्या त्या बाळंतविड्यासाठी. टोपडं आणि मोजे घरच्या हातचे हवेत, आणि घरात विणणारं तर कोणी उरलेलं नाही, असं तिघी-चौघींनी सांगितलं.

वर्ग मुरूडला मैत्रिणीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात घेतला. जांभ्याच्या जुन्या घरात आत भरदुपारीही काळोख, आणि नवशिक्याला टाका दिसला नाही तर सगळंच अडतं. खळं नुकतंच चोपून सारवलेलं होतं, वर मांडव होता. बिनहाताच्या खुर्च्या मिळवायला मात्र फिरावं लागलं. मंडपवाल्याकडे हातांच्या प्लॅस्टिक खुर्च्यांचे ढीग, पण त्यात कोपर अडकतं. शेवटी शाळेतली बाकं आणली. हर्णैच्या बायकांनी आधीच बजावलं होतं, "चारच्या आत सोडा, संध्याकाळचा मासळीचा लिलाव आहे." म्हणून वेळ सकाळी नऊ ते तीन ठेवली. आई, जेवायला कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी होती. चहाबरोबर फणसाचे तळलेले गरे ठेवायला मी साफ नकार दिला. तेलकट बोटं आणि फिकी लोकर! थोडी नाराजी झाली, होऊ दे.

लोकर सगळ्यांना फिकीच दिली, साय आणि लिंबू रंगाची. प्रत्येकीला मरून किंवा काळी हवी होती, पण गडद रंगात टाके मोजता येत नाहीत. सुया आठ नंबरच्या. नंबरावरून एक गंमत झाली. बँकेतल्या एक ताई व्हिडिओ बघून अर्धी टोपी विणून घेऊन आल्या होत्या. ती त्यांच्या नवऱ्यालाही सैल झाली असती, आणि विणायची होती भाच्याला! त्यांना वाटलं आपला हात ढिला आहे. हात चांगला होता, गोंधळ दुसरीकडेच. आपल्या सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणजे आठ नंबरची चार मिलिमीटर तर दहाची सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड, तिकडची आठ नंबरची पाच मिलिमीटरची. व्हिडिओतला नमुना आपल्या आठ नंबरवर बेतलेला आणि यांनी ऑनलाइन मागवलेली सुई तिकडच्या आठची. आता सगळ्यांच्या वहीत पहिल्या पानावर "नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा" असं लिहिलेलं आहे.

आई, तू मला शिकवलंस तेव्हा सुईवर पहिल्या ओळीचे टाके आधी तूच घालून दिले होतेस, आठवतं? मीही तेच केलं. चौदा जणांचे बावीस-बावीस टाके शुक्रवारी रात्री घालून ठेवले. टाके घालणं हे विणण्यापेक्षा अवघड. सुरुवात तिथून केली की पहिल्या तासातच माणूस सुया खाली ठेवतो. आधी नुसते सुलट टाके, ओळीमागून ओळ. हातांना चाल सापडली की मग उलट, आणि टाके घालणं दुसऱ्या दिवशी. घामाने लोकर सुईला चिकटायला लागली तेव्हा पावडरचा डबा फिरवला.

बारा वाजेपर्यंत अर्ध्याजणींचे बावीसाचे सव्वीस-सत्तावीस झाले होते, चौकोनाचा पंखा व्हायला लागलेला. कारण सगळीकडे एकच. ओळ संपवून सुई फिरवली की त्या धागा सुईवरून मागे टाकत होत्या, त्याने पहिला टाका वर ओढला जातो आणि एकाचे दोन दिसतात. दोन्ही विणले की झाला एक टाका जास्त. हे तोंडी सांगून उपयोग नाही. मी प्रत्येकीच्या बाजूला बसून धागा खाली ओढून दाखवला, "आता मोजा." त्यानंतर कोणाचा टाका वाढला नाही. मला विचाराल तर नमुना पाठ करून घेण्यात वेळ घालवूच नये, आपल्या सुईवर काय आहे ते वाचायला शिकवावं. ते आलं की चूक स्वतःची स्वतःला सापडते.

दुपारी मी मुद्दाम माझ्या तुकड्यातला एक टाका सुईवरून सोडून पाच-सहा ओळी खाली गळू दिला. सगळ्या ओरडल्या. मग क्रोशाच्या सुईने एकेक ओळ उचलत तो परत वर आणला. तेवढ्यात बायकोला सोडायला आलेले हर्णैचे एक दादा, जे दाराशीच टेकून बघत होते, पुढे येऊन म्हणाले, "यात गाठ कुठाय?" त्यांचा जन्म जाळी दुरुस्त करण्यात गेलेला. जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ, एक घर तुटलं तरी शेजारचं जागेवर राहतं. विणकामात गाठच नाही, सगळे टाके एकमेकांच्या आधारावर. त्यांना हे फारच कच्चं काम वाटलं. पण रविवारी ते येऊन बसले आणि सगळ्यांत एकसारखी वीण त्यांचीच आली!

बाबा, तुमच्या साळखात्याचाही, म्हणजे मिलमधल्या कापड विणायच्या खात्याचाही विषय निघाला. तुम्ही आईला चिडवायचात ना, "एका धाग्याचं कसलं कापड? उभा-आडवा हवा." मी सांगितलं, सदरा मागावरचा, म्हणून ताणत नाही. पण साच्यांवर, म्हणजे मिलच्या मागांवर उभं राहणारे माझे बाबा अंगात बनियन घालायचे, तो एका धाग्याने विणलेलाच की. फरक इतकाच की तो यंत्राने विणलेला. मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजाने 1589 सालीच केलं होतं.

आता हिशेब. फी प्रत्येकी 1,200, चौदा जणांचे 16,800. लोकर-सुया 4,200, जेवण-चहा 5,600, मैत्रिणीला जबरदस्तीने दिलेले 1,500, किरकोळ 500. उरले 5,000.

आई, आता तू म्हणशील, "शिकवायचे कसले पैसे घेतेस?" मला माहीत आहे. पण 1982 च्या गिरणी संपानंतर घर कशावर चाललं, हेही मला माहीत आहे. दादरचा तो दुकानदार तुला स्वेटरची मजुरी वजनावर द्यायचा. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो लोकर, आणि रात्री-रात्री बसून किती आठवडे. त्यात जाळीची वीण मागितली की वेळ दुप्पट आणि वजन कमी, म्हणजे अवघड कामाला पैसे थोडे! तू कधी बोलली नाहीस. मी फी ठरवताना तासांचा हिशेब धरला, लोकरीचा वेगळा मांडला. मुरूडच्या एका काकूंनी "हजार करा" म्हणून पाहिलं. मी हसून चहा दिला, फी तीच ठेवली.

जानेवारीत पुढचा वर्ग मोज्यांचा आहे, आणि मोज्याची टाच माझ्यापेक्षा तू चांगली समजावतेस. तुझा अंगठा दुखतो, तर सुया हातात धरूच नकोस. खुर्चीवर बसून सांग, हात मी चालवीन. तासाचे पैसे तुला माझ्याइतकेच मिळतील, यावर वाद नको. नावं लिहून घ्यायला आणि पैसे मोजायला बाबा. मांडवी एक्स्प्रेसने खेडला उतरा, मी गाडी घेऊन स्टेशनवर येते.

त्याआधी एक काम. कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात दोन्हीकडे टोक असलेल्या दहा नंबरच्या सुया असतील, चारही आहेत का बघा. एसटी पार्सलने पाठवा, वर माझा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आजच सांगा.

तुमची,
धाकटी